देव धरून आठ

पौडला जाणाऱ्या एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "किती?"

हवालदार एकटेच होते. काखेत छत्री, पायात चकचकीत बूट, मांडीवर गुळाची ढेप. ते म्हणाले, "देव धरून दोन."

कंडक्टर नवा होता आणि पुण्याचा होता. "मग देवाचं तिकीट काढा," तो म्हणाला.

"त्यो उभा ऱ्हाईल. मला एक द्या."

सगळी गाडी हसली. मी हसलो नाही. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, कोळवण खोऱ्यातल्या एका एकशिक्षकी शाळेवर नुकताच रुजू झालो होतो, आणि देशाच्या साऱ्या दुःखांचं मूळ मला सापडलेलं होतं. ते मूळ माझ्या शेजारच्या बाकावर छत्री घेऊन बसलं होतं. त्याहून वाईट म्हणजे त्याच्याच घराच्या पडवीत मला खोली मिळाली होती.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी पत्रकांवर वाढलो. माझे वडील मुळशीच्या सत्याग्रहात पत्रकं वाटत हिंडलेले. आमचं घर धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी आधी बाहेर काढल्या: जातं आणि पत्रकांची पेटी. इतर मुलं 'ग' गणपतीचा शिकली, मी गुलामीचा शिकलो. नोकरीवर निघताना वडिलांनी ती पेटी मला दिली, आणि मी तीत माझी स्वतःची भर घातली. जातपात, हुंडा, भुतंखेतं, देव, सगळ्यांवर एकेक पत्रक.

पहिल्या दिवशी ती पेटी उचलताना हवालदार थांबले. "लई जड हाय. दारूगोळा का?"

"पत्रकं आहेत."

"म्हंजे त्येच," ते म्हणाले आणि पेटी डोक्यावर घेऊन चालू लागले.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. गावात ते कोणी घेतही नसे. ते हवालदार होते, बस. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आले होते, बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, चार खाचरं भाताची आणि एक म्हैस. पण हा माणूस एकटा राहतो असं म्हणायची सोय नव्हती, कारण तो प्रत्येक मोजणीत एक वाढवायचा. दोन भाकऱ्या खायच्या असल्या तर देव धरून तीन थापायचा. तिसरी म्हशीला जाई. पौडला एक लंगडा शिंपी होता, कुबडी भिंतीला टेकवून मशीन चालवायचा. तो हवालदारांच्या कोटाला सात गुंड्यांच्या जागी आठ लावायचा. आठव्या गुंडीला काजच नव्हतं. ती पोटावर नुसती लोंबायची. मी शिंप्याला एकदा म्हणालो, "तुम्ही तरी त्यांना समजवा." शिंप्यानं दोरा दातानं तोडला. "मास्तर, त्येंच्या कोटाला मी अठरा गुंड्या लावीन," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला वाटलं, हाही त्यातलाच.

रोज सकाळी, चांगलं उजाडल्यावर, हवालदार भैरोबाच्या देवळासमोर उभे राहत. नमस्कार नाही, नारळ नाही, घंटा तर नाहीच. "घंटा झोपल्याला उठवायला आसती. त्यो ड्यूटीवर हाय." टाचा जुळवून सॅल्यूट, आणि मग खड्या आवाजात गावाचा रिपोर्ट: "आजारी दोन. बाळंतीन एक. गाभन म्हशी तीन. वड्याचा बांध फुटला, दुरुस्ती चालू. मास्तर एक, नास्तिक, तब्येत बरी."

शाळा देवळाला लागूनच होती. माझी पोरं हा रिपोर्ट रोज कान देऊन ऐकत. मी नास्तिक आहे हे त्यांना माझ्या धड्यांवरून नव्हे, त्या रिपोर्टवरून कळलं.

"तुम्ही देवाकडे मागत काहीच नाही?" मी विचारलं.

"मागायला त्यो काय कोठारी हाय? रिपोर्ट द्यायचा. हुकूम आला तर आला."

"आणि नाही आला तर?"

"मंग आपल्या डोक्यानं करायचं. त्येच्यासाठीच दिलंय न्हवं डोकं?"

अशी उत्तरं ऐकून माझं रक्त उसळायचं. वाद घालायला मी सदैव तयार, आणि हा माणूस वादात माझ्याच बाजूनं बोलायचा. एकदा मी त्यांना गाठलंच. म्हटलं, "स्पष्ट सांगा. लढाईत देव गोळी अडवतो का?"

"गोळी आडवायला माती हाय," ते म्हणाले. "चर खोल खना."

"मग देव कशाला?"

"चर खनायला धीर लागतो."

हे वाक्य मी त्यांच्याविरुद्ध वापरायचं म्हणून वहीत उतरवून ठेवलं. आठ दिवस उलटसुलट केलं, कुठल्याच पत्रकात बसेना.

आमच्या खोऱ्यात भाताच्या लावणीला आणि कापणीला इर्जिक घालतात. आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात काम करायचं, उद्या दुसऱ्याच्या, आणि दुपारी ज्याचं खाचर त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. जेवणाच्या पंगतीत एक जादा पत्रावळ मांडतात. तिला देवाचं पान म्हणतात. जाणता माणूस कामाला आलेल्यांची नावं एकेक करून पुकारतो, जो तो 'ओ' देतो, आणि शेवटी पुकारतात, "देव." पूर्वी म्हणे देवाच्या वतीनं कोणीतरी पोरगं 'ओ' द्यायचं, मगच वाढायला सुरुवात व्हायची. आता ती चाल मोडली होती. माझ्या पहिल्याच लावणीत मी बघितलं. हवालदार नावं पुकारत होते, सगळ्यांनी ओ दिली. मग ते म्हणाले, "देव." कोणी काही बोललं नाही. हवालदार एक श्वासभर थांबले. खाचरातल्या पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "वाढा."

त्या एका श्वासात पंगत इतकी गप्प झाली की मला चीड आली. चाळीस माणसं चिखलानं माखलेली, भुकेलेली, आणि एका रिकाम्या पानासाठी थांबलेली.

डोंगराची गोष्ट मला आधी गुरवाकडून कळली. गुरवाच्या तोंडी ती फार देखणी होती. इटलीत बर्फाच्या डोंगरावर आपली सात माणसं राहिली, समोर हजार शत्रू, हवालदारांनी भैरोबाचा धावा केला, आणि भैरोबा पांढऱ्या घोड्यावरून आठवा होऊन उभा राहिला. त्या सातांत आमच्याच गावचा एक जण होता, दगडू नावाचा. तो तिथेच पडला. त्याची आई गावात होती. दर दसऱ्याला ती हवालदारांच्या दारात एक भरलं पान आणून ठेवायची. "माझ्या पोरापाशी शेवटपत्तुर उभा ऱ्हायला त्या देवासाठी," म्हणायची. हवालदार ते पान दोन्ही हातांनी घ्यायचे, आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत.

खरी गोष्ट मी त्यांच्याकडूनच काढली. पाऊस ओसरला होता, आम्ही दोघं ओढ्याच्या बांधाला चिखल थापत होतो. मी म्हणालो, "तुमच्या त्या डोंगरावर घोडा आला होता का?"

"घोडा? आरं तितं खेचर चढत न्हवतं."

मग ते बोलले. दोनच दिवसांत बारा जणांतले सात रायफल धरणारे उरले. पाणी संपलं, बर्फ चघळायचे. खाली साहेबापर्यंत टेलिफोनची तार होती. साहेबाचा हुकूम साफ होता: आठाच्या खाली गेलात तर जागा सोडा, खाली उतरा. तिसऱ्या सकाळी साहेबानं तारेवर विचारलं, किती आहात? हवालदारांनी गिनती घेतली.

"मी एक. मंग दोन, तीन, चार, पाच, सा, सात. आन मंग आठ."

"आठ कोण बोललं?"

त्यांनी चिखलाचा गोळा बांधावर आपटला. "आवाज आला."

"आणि तुम्ही साहेबाला आठ सांगितलं?"

"सांगितलं. त्यो म्हनाला, शाबास, जागा धरून ऱ्हावा. मंग तार तुटली. आनिक दोन दीस धरली. तवा मागची पल्टन आली."

"सातांतले किती उरले?"

"चार."

माझे हात चिखलात तसेच राहिले. "म्हणजे तुम्ही सात म्हणाला असता तर..."

"उतरलो आसतो."

"आणि ते तिघं?"

ओढ्याचं पाणी बांधातून पाझरत होतं, तिथे त्यांनी तळवा दाबून धरला. मी आणखी दोनदा विचारलं. तळवा काही हलला नाही.

त्यांच्या परवानगीशिवाय मी ही गोष्ट कोणाला सांगितली नसती. एका माणसाची चूक, अठरा वर्षं जुनी. पण त्याच साली चीननं हल्ला केला.

त्या दिवसांत आमच्या गावाला जे झालं ते आठवलं की आजही मी उठून फेऱ्या मारू लागतो. गावातले तीन जवान वर बर्फात होते. सरपंचांच्या ओसरीवरचा रेडिओ ऐकायला सगळं गाव जमायचं, आणि रोज नवी माघार ऐकून उठायचं. अंगात नुसती आग. काहीतरी करायलाच हवं होतं. देवळात बैठक भरली. सरपंच म्हणाले, सात दिवस भैरोबावर दुधाचा अभिषेक करू, घरटी एक तांब्या. माना डोलल्या.

मी उठलो. म्हणालो, "तिकडे आपली पोरं सुती कपड्यांत बर्फात उभी आहेत. दगडावर दूध ओतून त्यांना ऊब मिळणार आहे का? घोंगड्या जमवा. घरटी एक घोंगडी. मी स्वतः पुण्याला नेऊन पोचवतो."

गुरव म्हणाला, "मास्तर, तुमी शाळंचं बगा. देवाच्या कामात पाटी-पेन्सिल आनू नगा."

तेवढ्यात हवालदार उठले. "मास्तर बरूबर बोलतोय," ते म्हणाले. "बर्फात रायफलीचं लोखंड बोटाला चिकटतं. वढलं की कातडं निघतं. तितं दूध काय करायचं हाय? घोंगड्या पाठवा."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. सभा वळली होती, मी डोळ्यांनी बघत होतो. कोणीतरी मागून म्हणालंसुद्धा, "आमच्यात दोन हायेत, एक देऊ."

आणि गुरवानं विचारलं, "हवालदार, तुमीच आसं बोलताय? तुमच्या डोंगरावर मंग कोन आलं व्हतं? घोंगडी का देव?"

सगळी सभा हवालदारांकडे बघू लागली. दगडूची आई खांबापाशी बसली होती, तीही. हवालदारांनी तोंड उघडलं. मी मनात म्हणत होतो, बोला, आता बोला. त्यांनी तोंड मिटलं आणि खाली बसले.

अभिषेक एकमतानं ठरला.

मी त्याच संध्याकाळी लिहायला बसलो. एका खोट्या गोष्टीनं आमच्या घोंगड्या हरवल्या होत्या. ती गोष्ट उभी असेपर्यंत या गावात कुठलंही खरं बोलणं उभं राहणार नव्हतं. पत्रकाला नाव दिलं 'देव मोजू नका'. त्यातला मधला परिच्छेद मला अजून पाठ आहे: 'या गावच्या एका हवालदाराने सात माणसांत देव मिळवून आठ केले. त्या बेरजेत तीन जवान गेले. अभिषेक करून आपण तीच बेरीज पुन्हा करणार आहोत काय?' इतकं चांगलं मी आजवर लिहिलं नव्हतं. सकाळच्या पहिल्या गाडीनं पुण्याला गेलो आणि दोनशे प्रती छापून आणल्या.

पहिली प्रत हवालदारांच्या हातात दिली. लपूनछपून काही करायचं नाही, हे वडिलांनी शिकवलेलं. भांडणाची सगळी तयारी करून मी उभा होतो. त्यांनी ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वर जाऊन मधला परिच्छेद वाचला.

"खरं हाय," ते म्हणाले. "वाट."

मी गठ्ठा काखेत मारला.

"एक कर. पयलं पत्रक दगडूच्या आयला दे. पन तिला वाचाया येत न्हाई. तू वाचून दाखव."

"मी?"

"लिवलंस तू. मी येतो संगं."

गल्लीतून जाताना ते पुढे आणि मी मागे. काखेतला दोनशे पत्रकांचा गठ्ठा दर पावलाला जड होत होता. मी स्वतःला सांगत होतो की सत्य हे सत्यच असतं, मग ते म्हातारीला सांगा की सभेला. हे वाक्य माझ्याच एका पत्रकातलं होतं.

दगडूची आई अंगणात पत्रावळी लावत बसली होती. चार दिवसांनी तिच्या खाचरात कापणीची इर्जिक होती. पानावर पान ठेवायचं, काडी टोचायची, मोडायची. हात थांबत नव्हते.

"काकी, मास्तरानं काय लिवलंय त्ये ऐका," हवालदार म्हणाले आणि टाचा जुळवून उभे राहिले, देवळापुढे राहत तसे.

मी वाचलं. 'त्या बेरजेत तीन जवान गेले' हे वाक्य अंगणात पडलं आणि तिथेच राहिलं. तिच्या हातातली काडी पानात अर्धी टोचलेली होती.

ती माझ्याशी बोललीच नाही. "हवालदारा, ह्ये खरं?"

"व्हय काकी."

"तू सात म्हनाला आसतास तर माझं पोर खाली आलं आसतं."

"आलं आसतं."

"जितं आसतं."

"आसतं बी."

तिनं काडी मोडली. ती पत्रावळ बाजूला ठेवली, दुसरी घेतली. बराच वेळ नुसता काड्यांचा आवाज.

"आठ कोन बोललं?" तिनं विचारलं.

"मला ऐकू आलं, काकी."

"ऐकू आलं त्ये कळलं. बोललं कोन?"

हवालदार समोर बघत राहिले.

"आरं, मी ईचारतेय," ती म्हणाली, आणि मग तिचे हात थांबले. ती हातातल्या पत्रावळीकडे बघत होती. "हितं पंगतीला देवाच्या पानाला कोन ओ द्यायचं रं? पाच वर्साचा व्हता तवापासनं? पल्टनीत जाईपत्तुर?"

हवालदारांची नजर पत्रावळीवर गेली.

"आवाज जाड करून द्यायचा. सगळी पंगत हसायची. त्यो गेला आन कुनी द्यायचंच बंद झालं." तिनं मान वर केली. "माझाच बोलला."

"व्हय काकी," हवालदार म्हणाले. त्यांचा इतका बारीक आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "सात त्यो सोताच व्हता. आठ बी त्योच म्हनाला. जाड आवाजात."

"का?"

"मागं चरात आनिक तिघं जखमी पडले व्हते. पाय गेलेले, पोट फाटलेलं. चालाया येत न्हवतं. हुकूम उतरायचा व्हता, उचलायचा न्हवता. सात मानसं, बर्फाची उतरंड, तिघांना न्हेनार कसं? सायेब तारेवर थांबला व्हता. मी सातावर अडलो. सात म्हनलं की तिघांना तितं टाकून जायचं, आन आठ व्हते कुटं? मी सगळ्यांच्या तोंडाकडं बगितलं. तवा त्यो बोलला."

"भ्याला व्हता का?"

"न्हाई. हसत व्हता."

मला एकदम आठवण झाली ती कुबडीची. "पौडचे शिंपी," मी म्हणालो.

"त्यातला एक," हवालदार म्हणाले. "तिघं बी आले खाली. तीन गेले, तीन आले."

"हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी इतकं विचारत होतो."

"तू आठाचंच ईचारत व्हतास. जखमींचं तू ईचारलंच न्हाईस."

दगडूच्या आईनं विचारलं, "आन मला का न्हाई सांगितलंस? अठरा वर्सं?"

"मेलेल्याच्या नावानं रिपोर्ट करायचा नस्तो, काकी. आवाज मला वळखू आला व्हता. गप बस म्हनलो आसतो तर त्यो गप बसला आसता. सायबाला आठ मी सांगितलं. त्येनं न्हाई."

ती उठली. घरात गेली. आम्ही दोघं अंगणात उभे. मला वाटलं आता रडणं ऐकू येईल. ती बाहेर आली ती हातात एक काळी घोंगडी घेऊन, जुनी, पण जाड. ती तिनं माझ्या अंगावर टाकली. अक्षरशः टाकली, पत्रकांचा गठ्ठा खाली पडला.

"दगडूच्या बापाची हाय," ती म्हणाली. "पाठव वर. आन त्या गुरवाला सांग, घोडा न्हवता म्हनावं." मग हवालदारांकडे वळली. "अठरा वर्सं देवाला म्हनून वाढत व्हते. पोरालाच वाढत व्हते म्हन की."

परत येताना मी जवळजवळ धावत होतो. डोकं पेटलं होतं. शेवटी मी थांबलो आणि म्हणालो, कारण म्हटल्याशिवाय मला राहवेना, "तरी पण देव आला नव्हता, हे तर खरं? तो दगडू होता."

हवालदार चालता चालता वळले. "आन देव आनिक कसा येतो, मास्तर?"

ते गेले त्याला आता वर्ष होईल. या प्रश्नाला उत्तर देणारं पत्रक मी अजून लिहितो आहे. मी देव मानत नाही, तेव्हाही नाही, आजही नाही. पण चोवीस वर्षांचा एक पोरगा भुकेनं, थंडीनं अर्धा मेलेला, सुटकेचा हुकूम कानावर आलेला असताना, जाड आवाज काढून 'आठ' म्हणतो, याला मी अंधश्रद्धा म्हणू शकत नाही. दुसरा शब्द माझ्या पेटीत नाही.

त्या पत्रकांतला मधला परिच्छेद मी बोरूनं काळा केला. दोनशेच्या दोनशे प्रतींमधला, दोन संध्याकाळी बसून, आणि मगच पत्रकं वाटली. काळ्या चौकोनात काय होतं हे लोक विचारत, तेव्हा सांगायचो, "चूक होती." असं मी तोवर कुठल्याच पत्रकाबद्दल म्हणालो नव्हतो. अभिषेक एका तांब्यावर आला. घोंगड्या एकवीस जमल्या. हवालदारांनी त्या देवळापुढे रचल्या, बावीस मोजल्या आणि सॅल्यूट करून रिपोर्ट दिला. मी दुरुस्त केलं नाही.

चौथ्या दिवशी दगडूच्या आईच्या खाचरात इर्जिक झाली. सगळं गाव आलं होतं, पौडचा शिंपीसुद्धा कुबडी टेकत आला होता. शाळेला सुट्टी देऊन मीही विळा घेतला. दुपारी बांधावर पंगत बसली. तिनं लावलेल्या पत्रावळी मांडल्या, आणि माझ्या डाव्या हाताला जी जागा रिकामी राहिली तिथे तिनं शेवटची पत्रावळ ठेवली. जागा योगायोगानं तिथे राहिली असं मला तेव्हा वाटलं होतं.

हवालदार उभे राहिले. कोटाची आठवी गुंडी पोटावर लोंबत होती. नावं पुकारली. ओ, ओ, ओ. शिंप्यानं ओ दिली, गुरवानं दिली, मी दिली.

"देव," हवालदार म्हणाले.

पंगत गप्प झाली. तीच शांतता. हवालदार खाचराकडे बघत थांबले. एक श्वास झाला. ते 'वाढा' म्हणाले नाहीत. दुसरा श्वास झाला. भाताची टोपली घेऊन दगडूची आई माझ्यापुढे उभी होती.

"मास्तर," ती म्हणाली, "पत्रकात लई बोलतोस. आता जीभ गिळली का?"

बावीस-तेवीस वर्षांत जे जे वाचलं, जे जे लिहिलं, ते सगळं एकदम जिभेवर येऊन उभं राहिलं. समोर माझी शाळेतली पोरं बसली होती, आ वासून.

"ओ," मी म्हणालो.

"ऐकू आलं न्हाई," हवालदार म्हणाले. "गिनती हाय ही, मास्तर. मयत न्हाई."

मग मी ओरडलो. जाड आवाजात, छाती फोडून, असा ओरडलो की कापलेल्या खाचरातले बगळे उठले आणि पोरं खो खो हसायला लागली.

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्या पानाकडे बघत होते.

"हाय," ते म्हणाले. "वाढा."